‘अबाइड बाय’ला एकटे ‘पाळणे’ पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा पुरवणीतील इंग्रजी क्रियापदांच्या सदरात गेल्या आठवड्यात ‘अबाइड बाय’ची पाळी होती. ‘अबाइड बाय म्हणजे नियम पाळणे’ असा एका ओळीत अर्थ सांगून खाली सरावाची वाक्ये दिली होती. सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले असून, बँकांच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी गावातली सात-आठ मुले संध्याकाळी व्याकरणाच्या शंका घेऊन माझ्याकडे येतात. त्यांतल्या एका मुलीने ते पान माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “बाई, ‘ओबे’ म्हणजे पाळणे, ‘ऑब्झर्व्ह’ म्हणजे पाळणे, ‘कंप्लाय विथ’ म्हणजेही पाळणेच. आता ‘अबाइड बाय’सुद्धा पाळणेच असेल, तर इंग्रजांना एवढी क्रियापदे लागली कशाला?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर त्या एका ओळीत नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. उत्तरसूचीत एक चूकही राहिली आहे. तिच्याविषयी शेवटी लिहिते.

‘अबाइड’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतले आहे आणि त्याचा मूळ अर्थ थांबणे, वाट पाहणे, मुक्काम करणे असा आहे. त्यात नियमाचा कुठे मागमूस नाही. ‘अबोड’ म्हणजे निवासस्थान, हे नाम त्याच क्रियापदापासून आले. ब्रिटनच्या स्थलांतरविषयक कायद्यात ‘राइट ऑफ अबोड’ म्हणजे त्या देशात राहण्याचा हक्क हा शब्दप्रयोग आजही आहे. योग्य वेळ येईपर्यंत दबा धरून बसण्याला इंग्रजीत ‘बाइड युअर टाइम’ म्हणतात, त्यातला ‘बाइड’ याच घरातला. ‘अबाइड विथ मी’ ही ख्रिस्ती प्रार्थना आपल्याकडे पुष्कळांच्या कानावर आहे, कारण गांधीजींना ती प्रिय होती आणि दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात तिची धून अनेक वर्षे वाजत असे. २०२२ साली ती वगळण्यात आली तेव्हा त्यावर चर्चाही झाली. त्या प्रार्थनेत भक्त देवाला ‘माझे पालन कर’ असे म्हणत नाही, तर ‘सांज झाली आहे, माझ्यापाशी राहा’ असे म्हणतो. माणसाच्या सोबतीने राहायचे तर ‘विथ’, आणि शब्दाच्या, निर्णयाच्या किंवा नियमाच्या जवळ राहायचे तर ‘बाय’, असा हा साधा मामला आहे. ‘बाय’चा मूळ अर्थ ‘बाजूला’, ‘जवळ’ असाच आहे. नदीकाठच्या घराला ‘अ हाउस बाय द रिव्हर’ म्हणतात, त्यातला हा ‘बाय’.

मी हे मुलांना समजावून सांगू लागले तेव्हा संस्कृतचा पेपर देऊन आलेल्या एका मुलाला आपल्याच शब्दाची आठवण झाली. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे. दोन्ही मिळून ‘उपवास’. घडण पाहिली तर ‘अबाइड बाय’ हा शब्दशः ‘उपवास’च आहे. साबुदाण्याच्या खिचडीने आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ पार पोटाकडे वळवला हा भाग निराळा. पण देवाच्या जवळ राहण्यासाठी काही सोडावे लागते ही त्यातली कल्पना आणि नियमाच्या जवळ राहण्यासाठी काही सोसावे लागते ही ‘अबाइड बाय’मधली कल्पना फार लांबच्या नाहीत. ‘व्रतस्थ’ या शब्दाचीही जात तीच. व्रतात जो स्थित आहे, तिथून हलत नाही, तो व्रतस्थ. हे एकदा ध्यानात आले की पुढचे व्याकरण पाठ करावे लागत नाही, असा निदान माझ्या ओसरीवरचा अनुभव आहे.

आमच्या मुलांचा खरा घोळ ‘बाय’पाशीच होतो, आणि त्याचे मूळ आम्हा शिक्षकांच्या शिकवण्यात आहे हे कबूल केले पाहिजे. आठवीत कर्मणी प्रयोग शिकवताना आम्ही ‘बाय म्हणजे कडून’ असे फळ्यावर लिहितो आणि मुले ते जन्मभर विसरत नाहीत. मग ‘अबाइड बाय द रूल्स’ समोर आले की त्यांना त्याचा अर्थ ‘नियमांकडून’ काहीतरी असा लागतो, तो वाक्यात बसत नाही, आणि ती मराठीच्या आधाराने दुसरे शब्दयोगी अव्यय शोधू लागतात. मराठीत आपण ‘नियमांना बांधील’ म्हणतो, म्हणून ‘अबाइड टू द रूल्स’. ‘नियमांशी एकनिष्ठ’ म्हणतो, म्हणून ‘अबाइड विथ द रूल्स’. आणि ‘नियम पाळा’ यात शब्दयोगी अव्यय मुळी नाहीच, म्हणून ‘अबाइड द रूल्स’. या तिन्ही चुका मी वर्षानुवर्षे तपासल्या आहेत आणि तिन्हींच्या मागे मराठी वाक्य स्पष्ट उभे असलेले दिसते.

यांतली तिसरी चूक सर्वांत गमतीची आहे, कारण ‘बाय’ गळून पडले की इंग्रजीत अर्थच पालटतो. एकटे ‘अबाइड’ आज बहुधा नकारार्थी वाक्यातच भेटते आणि तिथे त्याचा अर्थ ‘सोसणे, खपवून घेणे’ असा होतो. ‘आय कॅनॉट अबाइड हिज रूडनेस’ म्हणजे ‘त्याचा उर्मटपणा मला खपत नाही’. त्यामुळे ‘वी कॅनॉट अबाइड बाय धिस रूल’ म्हणजे ‘हा नियम पाळणे आम्हाला शक्य नाही’, आणि मधले ‘बाय’ काढले की ‘हा नियम आम्हाला डोळ्यांसमोर नको’. माझा भाचा पुण्यात ज्या सोसायटीत राहतो, तिथल्या लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑल मेंबर्स शुड अबाइड द रूल्स’ अशी सूचना लावलेली आहे. काटेकोर वाचले तर तिचा अर्थ ‘सर्व सभासदांनी नियम सोसावेत’ असा होतो. पाण्याच्या वेळा आणि पार्किंगची भांडणे पाहता लिहिणाऱ्याला तेच म्हणायचे असावे, असे भाच्याचे मत आहे.

व्याकरणाचे आणखी दोन-तीन मुद्दे आहेत, ते लवकर उरकते. शाळेच्या पुस्तकांत ‘अबाइड बाय’ आणि ‘टर्न ऑफ’ ही एकाच यादीत शेजारी शेजारी छापलेली असली, तरी त्यांची वागणूक निराळी आहे. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्ये चालतात, पण ‘अबाइड द रूल्स बाय’ असे कोणी म्हणू शकत नाही. सर्वनाम आले तरी ‘अबाइड बाय देम’ असेच म्हणावे लागते. इथले ‘बाय’ क्रियापदाला सोडून सरकत नाही. भूतकाळी ‘अबोड’ हे जुने रूप आता फक्त जुन्या ग्रंथांत उरले असून आज ‘अबाइडेड बाय’ असेच लिहावे. कर्मणी प्रयोग करता येतो, पण ‘द रूल्स मस्ट बी अबाइडेड बाय बाय ऑल मेंबर्स’ अशी ‘बाय’ची जोडगोळी तयार होऊन वाक्य अडखळते, तेव्हा कर्तरी प्रयोगच बरा. ओघात आले म्हणून सांगते, सोसायटीच्या ‘बाय-लॉज’मधले ‘बाय’ मात्र या घरातले नाही. ते गाव या अर्थाच्या जुन्या स्कँडिनेव्हियन शब्दाशी जोडले जाते, डर्बी किंवा ग्रिम्सबी या इंग्लंडमधल्या गावांच्या नावांच्या शेपटीला जो ‘बी’ आहे तोच शब्द. म्हणजे ‘बाय-लॉ’ हा मुळात गावकीचा कायदा. आपण त्याला ‘उपविधी’ म्हणतो.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे वळते. एवढी क्रियापदे कशाला, याचे उत्तर प्रत्येक क्रियापदाच्या मुळाशी गेले की मिळते, आणि आश्चर्य म्हणजे प्रत्येकाला मराठीत स्वतंत्र जोडीदार आधीपासून आहे. ‘ओबे’ हा शब्द लॅटिनमधल्या ऐकणे या अर्थाच्या धातूपासून आला. मराठीत आपण काय म्हणतो? ‘पोरगा माझे ऐकत नाही.’ त्याचे कान ठीक असतात. तो आज्ञा मानत नाही एवढेच त्या आईला सांगायचे असते. म्हणजे ‘ओबे’ला आपला शब्द ‘ऐकणे’. ‘कंप्लाय’ हा लॅटिनमधल्या भरून काढणे, पूर्ण करणे या अर्थाच्या धातूपर्यंत जातो, आणि आपल्या सरकारी पत्रांत ‘अटींची पूर्तता करावी’, ‘त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा’ अशी वाक्ये शेकड्याने सापडतात. ही पूर्तता म्हणजे नेमके ‘कंप्लायन्स’. रिकामी चौकट भरली, कागद जोडला, शिक्का घेतला, काम पुरे झाले. ‘अडहिअर टू’ म्हणजे चिकटणे, आणि आपणही ‘तो आपल्या तत्त्वाला चिकटून राहिला’ असे म्हणतो. ‘कन्फॉर्म टू’मध्ये रूप किंवा साचा या अर्थाचा शब्द आहे, आपण ‘नियमांना अनुरूप’ म्हणतो, त्यातही रूप आहेच.

राहता राहिले ‘ऑब्झर्व्ह’. हा शब्द लॅटिनमधल्या राखणे, जपणे, नजर ठेवणे या अर्थाच्या धातूचा वंशज आहे, आणि आपल्या ‘पाळणे’चे मूळ असलेला संस्कृत ‘पाल्’ धातूही रक्षण करण्याचाच आहे. गाय पाळतात, सुतक पाळतात, दोन मिनिटे मौन पाळतात. इंग्रजीतही मौन ‘ऑब्झर्व्ह’ करतात. म्हणजे ‘पाळणे’चा खरा सोबती ‘ऑब्झर्व्ह’ आहे. आपल्या सदराने तो ‘अबाइड बाय’च्या गळ्यात बांधला आणि ‘अबाइड बाय’चा जो खरा सोबती होता, तो बाहेर राहिला.

तो सोबती कोणता हे शोधण्यासाठी ‘अबाइड बाय’ कशाकशाला लागते ते पाहावे. नियम, कायदा, करार, अटी, वचन, निकाल, निवाडा, पंचाचा निर्णय यांना ते लागते. माणसाला लागत नाही. ‘ओबे युअर टीचर’ चालते, पण ‘अबाइड बाय युअर टीचर’ चालत नाही. तिथे ‘अबाइड बाय युअर टीचर्स डिसिजन’ असे म्हणावे लागते. पाळलेला कुत्रा धन्याला ‘ओबे’ करतो, पण कुत्रा कशालाही ‘अबाइड बाय’ करू शकत नाही, कारण त्यासाठी आधी गोष्ट समजावी लागते, मग ती मान्य करावी लागते आणि मग आपल्या गैरसोयीची झाली तरी तिच्यापाशी टिकून राहावे लागते. आज्ञापालन एका क्षणात उरकते. ‘थांब’ म्हटले, थांबला, झाले. ‘अबाइड बाय’मध्ये काळ आहे. ज्या दिवशी सही केली त्या दिवसाबद्दल त्यात फारसे म्हणायचे नसते, नंतरच्या दिवसांबद्दल असते.

हे सारे मराठीने एका ठरीव वाक्यात फार पूर्वीच बांधून ठेवले आहे. हमीपत्राच्या तळाशी आपण लिहितो, ‘वरील सर्व अटी मला मान्य असून त्या माझ्यावर बंधनकारक राहतील.’ वक्तृत्व स्पर्धेच्या पत्रकावर छापलेले असते, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील व तो सर्व स्पर्धकांवर बंधनकारक राहील.’ ज्या कोणा अज्ञात कारकुनाने किंवा भाषांतरकाराने हे वाक्य प्रथम घडवले, त्याला माझा नमस्कार आहे. यात ‘मान्य’ आहे, म्हणजे संमती आली. ‘बंधन’ आहे, म्हणजे सोय-गैरसोय बाजूला पडली. आणि ‘राहतील’ आहे, म्हणजे ‘अबाइड’मधला मुक्काम, तो टिकणारा काळ जसाच्या तसा आला. परीक्षकांचा निर्णय कोणी ‘पाळत’ नाही. तिसरा क्रमांक आलेला मुलगा निर्णय पाळणार म्हणजे करणार काय? त्याला तो मानावा लागतो, आणि मनात न पटताही मानून तिथेच थांबावे लागते. तोंडी भाषेत याहून सुंदर शब्द आहे तो ‘जागणे’. दिलेल्या शब्दाला माणूस जागतो. इंग्रजी माणूस शब्दापाशी वाट पाहत थांबतो आणि मराठी माणूस शब्दासाठी जागा राहतो. ‘अबाइड बाय वन्स वर्ड’ला ‘शब्दाला जागणे’ यापेक्षा नेमके भाषांतर मला तरी आजवर सापडलेले नाही.

मुलांना हे क्रियापद समजावताना मी शब्दकोश मिटून महाडची हकिकत सांगते, कारण ‘ओबे’ आणि ‘अबाइड बाय’ यांतला फरक तिच्याइतका लख्ख दुसरीकडे दिसत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तरी तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले पाणी घेतले. त्यांनी रूढी ‘ओबे’ केली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचा ठरले, पण परिषदेच्या आधी काही सनातनी मंडळी दिवाणी न्यायालयात गेली आणि तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवून आली. परिषदेला आलेले हजारो लोक सत्याग्रहाला उत्सुक होते. न्याय आपल्या बाजूचा आहे याविषयी बाबासाहेबांच्या मनात शंका नव्हती, तरी कोर्टाचा हुकूम असेपर्यंत तळ्याचे पाणी घेण्याचा सत्याग्रह तहकूब करायचा असे ठरले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन मात्र झाले. एका धर्मग्रंथाचा अधिकार उघडपणे नाकारणाऱ्या त्याच परिषदेने न्यायालयाचा हुकूम, तो आपल्या विरुद्ध असतानाही, मानला. पुढे दावा चालला, अपिले झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर १९२७ ते मार्च १९३७ ही सव्वानऊ वर्षे होतात. ‘अबाइड’चा मूळ अर्थ वाट पाहणे असा आहे हे मी वर लिहिले ते याच्यासाठी. हुकमापाशी थांबणे आणि हुकूम निमूटपणे पटवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते थांबले आणि त्याच वेळी लढलेही.

बाबासाहेबांच्या इंग्रजीत या जातीच्या क्रियापदांची निवड फार काळजीपूर्वक असे. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टे गाठण्यासाठी संवैधानिक मार्गांना धरून राहण्याविषयी ते बोलले, तेव्हा त्यांनी ‘होल्ड फास्ट टू’ हे शब्द वापरले; म्हणजे घट्ट धरून ठेवणे, सुटू न देणे. ज्यांच्या हाताला काही लागले होते त्यांना ते सोडू नका असे सांगायचे होते, म्हणून तिथे तोच शब्द शोभतो. याउलट १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या खटल्यात गांधीजींनी कायद्यातली जास्तीत जास्त शिक्षा मागितली आणि ती आनंदाने स्वीकारण्यासाठी ‘सबमिट टू’ हे शब्द योजले. कायदा मोडल्याचे कबूल आहे, त्याच्या परिणामापुढे मात्र स्वतःला हजर करतो आहे, असा तो अर्थ. एक माणूस धरतो, दुसरा हजर होतो, तिसरा थांबतो. तिघांनाही ‘पालन करणे’ म्हणून मोकळे झाले तर हा सारा इतिहास एकाच खात्यात जमा होतो. आंतरराष्ट्रीय करारांतही असेच काटेकोर लिहिलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ९४व्या कलमात आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निर्णयासाठी ‘कंप्लाय विथ’ आहे, तर सुरक्षा परिषदेच्या निर्णयांविषयीच्या २५व्या कलमात स्वीकारणे आणि अमलात आणणे अशी दोन क्रियापदे आहेत.

आपल्या संविधानात हे क्रियापद अगदी मोक्याच्या जागी आले आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क जोडला गेला आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्ये त्यात आली. पहिलेच कर्तव्य इंग्रजीत ‘टू अबाइड बाय द कॉन्स्टिट्यूशन’ असे सुरू होते. पुढच्या कर्तव्यांची क्रियापदे निराळी आहेत: स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श जोपासावेत आणि अनुसरावेत, सार्वभौमत्व उन्नत राखावे, देशाचे संरक्षण करावे, सार्वजनिक मालमत्ता सुरक्षित ठेवावी. ‘अबाइड बाय’ फक्त संविधानाच्या वाट्याला आले आहे. मराठी पाठात तिथे ‘पालन करणे’ हे शब्द आहेत, आणि त्यांना चूक म्हणण्याचा माझा हेतू नाही. ‘पालन’ शब्दात राखण्याचा, वाढवण्याचा अर्थ मुळात आहेच. संविधान राखावे हा अर्थ तर उत्तमच आहे. अडचण एवढीच की रस्त्यावरच्या भोंग्यांनी आणि कार्यालयांच्या फलकांनी तो शब्द रोज वाजवून गुळगुळीत केला आहे. ‘रांगेचे पालन करावे’, ‘वेळेचे पालन करावे’, ‘शांततेचे पालन करावे’ असे वाचून वाचून मुलांना ‘पालन’ म्हणजे कोणीतरी दटावत आहे एवढेच कळते. मग नागरिकशास्त्राच्या उत्तरात ‘संविधानाचे पालन’ लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर शिटी वाजवणारा हवालदार उभा राहतो. तिथे ‘संविधानाशी बांधील राहणे’ असे समजावून सांगितले, तर निदान ‘राहणे’ हा शब्द कानावर पडेल.

आपल्याकडून यावर असे उत्तर येऊ शकेल, आणि ते अगदी गैर नाही, की पुरवणीतली जागा थोडी, परीक्षा जवळ आलेली, मुलांना गुण हवेत, व्युत्पत्ती कोणाला हवी? मीही परीक्षेच्याच मुलांना शिकवते. माझा अनुभव असा की ‘अबाइड बाय म्हणजे पाळणे’ हे पाठ केलेला मुलगा रिकाम्या जागेच्या प्रश्नात ‘टू’ भरून येतो, आणि ‘नियमाच्या जवळ राहणे, उपवासातला उप’ हे एकदा ऐकलेला मुलगा ‘बाय’ भरतो. व्युत्पत्तीला जेमतेम चार ओळी लागतात. सदराची मांडणी थोडी बदलून प्रत्येक क्रियापदापुढे एका शब्दाऐवजी मराठीतले एक पूर्ण, रोजच्या व्यवहारातले वाक्य द्यावे, एवढीच माझी सूचना आहे. ‘अबाइड बाय’साठी ‘पंचांचा निर्णय दोन्ही संघांवर बंधनकारक राहील’, ‘कंप्लाय विथ’साठी ‘बँकेने मागितलेल्या कागदपत्रांची पूर्तता केली’, ‘ओबे’साठी ‘ती आजीचे सगळे ऐकते’ अशी वाक्ये दिली, तर मुले ती विसरणार नाहीत, कारण ती त्यांच्या घरातलीच आहेत.

आता त्या चुकीविषयी. सरावातील चौथे वाक्य ‘ऑल कँडिडेट्स मस्ट अबाइड — द इन्स्ट्रक्शन्स’ असे असून त्याचे उत्तर ‘टू’ असे छापले गेले आहे. वर छापलेल्या अर्थाच्या ओळीत ‘बाय’ आणि खाली उत्तरात ‘टू’ यामुळे मुले गोंधळली आहेत, आणि छापील पानावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. माझ्याकडे येणाऱ्या दोघांनी तर माझे सांगणे बाजूला ठेवून वहीत ‘टू’च लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात काही जणांची परीक्षा आहे. तेव्हा त्याआधीच्या अंकात, शक्यतो त्याच सदराच्या जागी, उत्तर ‘बाय’ असे वाचावे अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
जि. सातारा